चाकातली हवा कोणाच्या हातात?



यंत्रांच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की बहुतेक लोक इंजिनापासून सुरुवात करतात. आम्ही आज चाकापासून करणार आहोत, आणि त्यातही चाकात जी हवा असते तिच्यापासून. विषय असा आहे: गाडी चालत असताना ड्रायव्हरनं बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी-जास्त करायची सोय. लष्करी ट्रक, चिलखती गाड्या आणि परदेशातले काही मोठे ट्रॅक्टर यांत ही सोय असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सीटीआयएस म्हणतात. आपण आज साध्या मराठीत 'बसल्या जागी हवा' म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं टायरशी काय काम? तर आहे. आपल्या वैशेषिक दर्शनात वायूबद्दल एक मार्मिक विचार आहे. वायूला रूप नाही, पण स्पर्श आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, अंगाला लागला की आहे असं अनुमान करायचं. टायरमधली हवा अगदी तशीच असते. गाडी रुतली, बैल दमला, शेत दगडासारखं झालं, मग आपल्याला तिची आठवण येते. आणि तिच्या इतिहासात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. भार तर सगळेच वाहतात. पण तो शेवटी सोसायचा कोणी, हे ठरवणारा कोण?

आधी थोडं गणित करू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. समजा एका चाकावर एक टन, म्हणजे हजार किलो भार आहे. टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला दोन किलो दाबाची हवा आहे. हा भार पेलायला टायरचा साधारण पाचशे चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो. आपण अर्ज लिहितो त्या कागदापेक्षाही ही जागा थोडी लहान झाली. हवा निम्मी केली, दाब एक किलोवर आणला, की टेकणारा भाग दुप्पट होतो. उलट दाब सात किलोवर नेला, म्हणजे ट्रकच्या टायरमध्ये शंभर पौंड हवा भरतात तेवढा, तर तोच एक टन तळहाताएवढ्या जागेवर उभा राहतो. टायरच्या भिंतीही थोडा भार घेतात, त्यामुळं हा हिशेब काटेकोर नाही. पण ढोबळमानानं टायरच्या आत जेवढा दाब, तेवढाच खाली जमिनीवर.

यातून एक गोष्ट निघते. योग्य हवा किती, या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही. डांबरी रस्त्यावर कडक टायर चांगला. तो हलका फिरतो, कमी तापतो. तोच टायर वाळूत किंवा चिखलात गेला की फाळासारखा खाली उतरतो. हवेचा आकडा एकट्या टायरचा नसतो, तो टायर आणि जमीन या दोघांमधला करार असतो. जमीन बदलली की करारही बदलायला पाहिजे.

हा करार आपल्याकडं फार जुन्या काळापासून मोडत आलेला आहे. लाकडी चाकावर लोहार तापवून लोखंडी धाव बसवायचा, ती आठवा. धाव अरुंद आणि कठीण. सगळा भार दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर. चाकाचं आयुष्य वाढलं, पण रस्ता कापला जाऊ लागला. एकाच वाटेनं गाड्या गेल्या की दोन खोल चर पडायचे, त्याला आपण चाकोरी म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी तो परत लागणार आहे.

विसाव्या शतकात मोटारी आल्या, रस्त्यांवरचा ताण वाढला, आणि रस्त्याच्या खर्चाचा प्रश्न सरकारपुढं आला. १९२७ साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जयकर समितीचं म्हणणं होतं की रस्ते सांभाळणं आता स्थानिक संस्थांच्या आवाक्यात राहिलेलं नाही, म्हणून पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांना द्यावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. तत्त्व म्हणून ही मोठी गोष्ट आहे. जो रस्ता वापरतो, झिजवतो, त्यानं त्याची किंमत द्यायची. पण समितीपुढं विषय सार्वजनिक रस्त्यांचा होता. शेतातली जमीन आणि पाणंद त्या हिशेबात आलीच नाही. तीही आज आपल्याला लागणार आहे.

आता रबराकडं येऊ. हवेचं चाक ही कल्पना प्रथम रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरची. त्यानं १८४५ मध्ये पेटंट घेतलं. पण तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या, लोक ती विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉपनं तीच कल्पना नव्यानं शोधली आणि या वेळी सायकलीमुळं ती टिकली. पुढं डनलॉप कंपनीनं १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला टायरचा कारखाना काढला. त्या दशकापासून आपल्याकडं बैलगाडीलाही रबरी चाकं लागायला सुरुवात झाली. उत्तरेत तर अशा गाडीला अजून डनलॉपच म्हणतात. आपल्याकडं ती झाली टायरगाडी.

या टायरगाडीनं एक धडा शिकवला. हवेच्या चाकामुळं तेवढंच ओझं ओढायला बैलाला कमी जोर लागतो, ही गोष्ट खरी. म्हणून बैलाला सुख लागलं का? नाही. गाडीवरचा ऊस वाढला. दोन टन आणि त्याहून जास्त ऊस भरलेल्या गाड्या कारखान्याच्या रांगेत आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. यंत्रानं जी सवलत दिली, ती बैलाच्या वाट्याला न येता ओझ्याच्या वाट्याला गेली. सवलत कोणाला मिळणार हे यंत्र ठरवत नाही.

आता आपल्याला वाळवंटात जायचं आहे, कारण 'बसल्या जागी हवा' ही गरज तिथं स्पष्ट झाली. राल्फ बॅगनॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी इंजिनिअर १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये होता. सुट्टीत तो मित्रांबरोबर फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात जायचा. जिथं मोटार जाणंच अशक्य असं लोक समजत, तिथं तो टायरमधली हवा कमी करून वाळूच्या टेकड्या चढायचा. पुढं वाळू कशी उडते आणि टेकड्या कशा बनतात यावर त्यानं १९४१ मध्ये ग्रंथ लिहिला, तो आजही अभ्यासला जातो. १९४० मध्ये त्यानं वाळवंटात लांब पल्ल्याची टेहळणी करणारं सैनिकी दल उभं केलं. त्या दलाचे ट्रक वाळूत शिरताना हवा सोडत आणि पुढं कडक जमीन लागली की परत भरत.

आता इथं खरी अडचण बघा. हवा सोडायला काडीसुद्धा पुरते. भरायला मात्र पंप लागतो, वेळ लागतो, घाम गाळावा लागतो, आणि तेही एकेका चाकाला. म्हणून ज्याला सारखी जमीन बदलावी लागते, तो कंटाळून हवा सोडायचंच थांबवतो. माणूस अडाणी असतो म्हणून चुकीची हवा ठेवतो असं नाही. बरोबर हवा ठेवणं महाग पडतं, म्हणून तो चुकीची ठेवतो.

ही अडचण पहिल्यांदा सुटली ती दुसऱ्या महायुद्धातल्या एका अमेरिकन गाडीत. तिचं कारखान्यातलं अक्षरी नाव डी-यू-के-डब्ल्यू, आणि सैनिकांनी त्याचं केलं 'डक', म्हणजे बदक. १९४२ साली तयार झालेला हा सहाचाकी ट्रक पाण्यात होडीसारखा तरंगायचा आणि काठाला लागला की चाकांवर चालू लागायचा. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, तेव्हा अशा वाहनाची किंमत काय असते हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. बदकाची गोची अशी की त्याला तीन प्रकारची जमीन एका दमात पार करायची होती. पाणी, मग किनाऱ्याची भुसभुशीत वाळू, मग पक्का रस्ता. किनाऱ्यावर गोळ्या चालू असताना खाली उतरून सहा चाकांत हवा कोण भरणार? म्हणून ड्रायव्हरच्या हाताशी नियंत्रण दिलं. १९४३ च्या जुलैमध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर आणि पुढच्या वर्षी नॉर्मंडीत ही बदकं मोठ्या संख्येनं उतरली.

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी गाडीत ठेवणं अवघड नाही. अवघड आहे ती हवा चाकापर्यंत नेणं, कारण गाडी स्थिर आहे आणि चाक फिरतंय. सरळ नळी जोडली तर पहिल्याच फेऱ्यात ती पिळवटून तुटेल. म्हणून चाकाच्या मध्यावर एक फिरता सांधा बसवावा लागतो. त्याची एक बाजू स्थिर, दुसरी चाकाबरोबर फिरणारी, आणि मधे अशी सील की हवा जावी पण गळू नये. बदकाच्या नळ्या चाकाच्या बाहेरून येऊन मध्याला जोडलेल्या असत, म्हणून झाडाझुडपात अडकण्याची भीती होती. नंतरच्या गाड्यांमध्ये ही वाट आसाच्या आतून काढली. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, फिरणाऱ्या दांड्यावर न गळणारी सील बसवणं म्हणजे काय कटकट असते. चिखल, पाणी, वाळू सगळं तिथंच येऊन बसतं.

अमेरिकेनं युद्धकाळात ही बदकं सोव्हिएत रशियालाही दिली होती. रशियानं १९५० च्या सुमारास त्याची स्वतःची आवृत्ती काढली. रशियाकडं वसंतातला चिखल आणि कच्चे रस्ते भरपूर, त्यामुळं तिथं ही सोय झपाट्यानं साध्या लष्करी ट्रकांत आली. झिल आणि उरल या ट्रकांमध्ये ती नेहमीची झाली. अमेरिकी लष्करानं मात्र युद्धानंतर ती जवळजवळ सोडून दिली आणि १९८० च्या दशकात परत हातात घेतली.

आपल्या सैन्यात ही सोय आली ती याच वाटेनं. ग्राड रॉकेटं वाहणारे रशियन उरल ट्रक आले. मग १९८६ मध्ये बीईएमएल या सरकारी कंपनीनं चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा ट्रकांसाठी करार केला. त्या आठचाकी टाट्रावर पुढं पिनाका हे रॉकेट प्रक्षेपक बसवलं गेलं. पिनाकाचं संशोधन झालं पुण्यात, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत. राजस्थानच्या वाळूतही जायचं आणि डोंगरातही चढायचं, म्हणून ड्रायव्हरच्या हातात हवा. अलीकडं 'व्हॅप' नावाची आठचाकी चिलखती गाडी तयार झाली आहे, जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडं चालणारी. तिच्यातही ही सोय आहे. ती टाटा समूहाबरोबर विकसित केली अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन संस्थेनं. २०२५ मध्ये मोरोक्कोत तिचं उत्पादन करणारा कारखानाही सुरू झाला.

आता इथं जरा थांबू. नगर जिल्ह्याचं नाव आलं की आपल्याला आणखी काय आठवतं? प्रवरानगर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला पहिला सहकारी साखर कारखाना, १९५० चा. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन प्रकारची चाकं आहेत. एक चाक वाळू आली की स्वतः मऊ होतं आणि रस्ता आला की कडक होतं. दुसरं चाक उसाच्या ट्रॉलीचं. त्यात हंगामाच्या सुरुवातीला जी हवा भरली, ती शेतातही तीच आणि डांबरीवरही तीच. ही दोन चाकं एकमेकांना कधी भेटली नाहीत. आणि गोष्ट एकट्या नगरची नाही, आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यातही हेच आहे.

हंगाम सुरू होतो तेव्हा परतीच्या पावसानं काळी जमीन अजून ओली असते. त्यात भरलेली ट्रॉली शिरते. ट्रॅक्टरच्या मोठ्या मागच्या चाकात हवा कमी असते, पंधरा पौंडांच्या आसपास. ट्रॉलीच्या टायरमध्ये त्याच्या कितीतरी पट. ट्रक सरळ फडाच्या कडेला गेला तर आणखी जास्त. ओल्या जमिनीवर एवढा दाब आला की मातीतल्या पोकळ्या मिटतात. मातीत हवा राहत नाही, पाणी मुरत नाही, मूळ खाली जात नाही. आणि उसाचं वैशिष्ट्य असं की तोडणीनंतर बरेच शेतकरी खोडवा ठेवतात. नवीन लागण असती तर नांगरून थोडी दुरुस्ती झाली असती. खोडव्यात तुडवलेली जमीन तशीच राहते, आणि पुढचं पीक तिच्यातूनच उगवायचं.

आता इथं कोणीतरी म्हणेल, मग ट्रॉलीवाल्यानं हवा कमी का ठेवू नये? त्याचंही ऐकलं पाहिजे. कमी हवेत, पूर्ण ओझ्यानं, डांबरीवर वीस-पंचवीस किलोमीटर गेला तर टायर तापतो आणि फुटतो. टायर त्याचा, डिझेल त्याचं, खेप चुकली तर नुकसान त्याचं. म्हणून तो रस्त्याला सोयीची हवा भरतो, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं. शेताचं नुकसान त्याच्या हिशेबात येत नाही, कारण ते पुढच्या वर्षी, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर दिसतं. ज्याच्या हातात हवा आहे त्याला जमिनीची किंमत द्यावी लागत नाही, आणि ज्याची जमीन आहे त्याच्या हातात हवा नाही. आम्हाला आज सांगायचं आहे ते एवढंच.

बदकाच्या ड्रायव्हरला हा प्रश्न नव्हता. गाडी रुतली तर जीव त्याचाच जाणार होता. सैन्यात ही सोय आधी आली याचं कारण पैसा हे तर आहेच. पण दुसरं कारण असं की तिथं हवा आणि तिचा परिणाम एकाच माणसाच्या पदरात पडतो.

नागरी जगात हे कोडं सोडवायचा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेच्या वनखात्यानं १९८० च्या दशकात लाकूड वाहणाऱ्या ट्रकांवर असेच प्रयोग केले. कच्च्या रस्त्यावर हवा कमी ठेवली तर रस्ता कमी खराब होतो, त्याची डागडुजी कमी लागते, असं त्यांना दिसलं. तिथं जंगलही सरकारचं आणि रस्ताही सरकारचा, म्हणून नुकसान कोणाचं हा वाद नव्हता. जर्मनीत फेन्टसारख्या कंपन्या ट्रॅक्टरमध्येच ही सोय देतात. तिथं शेत, ट्रॅक्टर आणि जमिनीची चिंता बऱ्याचदा एकाच घरात असते. ऑस्ट्रेलियातल्या ऊसशेतीत आणखी एक मार्ग काढला गेला. सरींमधलं अंतर आणि यंत्राच्या चाकांमधलं अंतर जुळवायचं, आणि दरवर्षी चाकं ठरलेल्या पट्ट्यांवरूनच न्यायची, म्हणजे बाकीची जमीन मोकळी राहते. म्हणजे काय? चाकोरी! आपण 'चाकोरीबद्ध' हा शब्द कमीपणानं वापरतो. शेतात मात्र चाकोरी पाळणं हे शहाणपणाचं आहे.

मग आपण काय करायचं? प्रत्येक ट्रॉलीला महागडी यंत्रणा बसवा, असं आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या ट्रॉलीचा हप्ता फिटत नाही, त्याला हे सांगणं अन्यायाचं होईल. पण एक साधी गोष्ट बघा. कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन किलोपर्यंत मोजतात. त्याच गाडीच्या टायरमध्ये हवा किती आहे, हे कोणी मोजत नाही. तोडणी-वाहतुकीचा करार कारखान्यामार्फत होतो. त्या करारात ओल्या फडात ट्रॉली किती भरायची, ती पाणंदीच्या तोंडाशी उभी करून छोट्या गाडीनं ऊस बाहेर काढायचा का, रुंद टायर लावणाऱ्याला काही जादा दर द्यायचा का, हे प्रश्न येऊ शकतात. सभासद शेतकरी हा कारखान्याचा मालक आहे, असं आपण सहकारात म्हणतो. मालकानं हे सर्वसाधारण सभेत विचारायला हरकत नाही. हवा कमी केली की सगळं सुटलं असंही नाही. वरची माती हवेच्या दाबानं दबते, पण खोलवरची माती आसावरच्या एकूण भारानं दबते. त्यामुळं ओझंही कमी करावं लागेल. यंत्र आपल्या वतीनं तेवढं करणार नाही.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावानं योजना आणली. चांगलं आहे. पाणंदी झाल्याच पाहिजेत, त्यांच्यासाठी भावकीत किती भांडणं झाली आहेत हे आपण जाणतो. पण पाणंद बांधायचा पैसा सरकार देणार, ती तुडवणार भरलेली चाकं, आणि हवेबद्दल कोणी बोलणार नाही, असं झालं तर चार पावसाळ्यांत आपण परत चिखलातच. जयकरांच्या समितीनं शंभर वर्षांपूर्वी जो प्रश्न डांबरी आणि खडीच्या रस्त्यांबद्दल विचारला, तोच आता पाणंदीबद्दल आणि फडाबद्दल विचारायची वेळ आली आहे. जो झिजवतो, त्यानं काय द्यायचं?

'बसल्या जागी हवा' या यंत्रात एक नम्रता आहे. खाली जमीन कशी आहे हे विचारून ते चाकाचा कडकपणा ठरवतं. आपण मात्र चाकाची सोय आधी बघतो आणि जमिनीला म्हणतो, तू सोस. माती बोलत नाही, त्यामुळं तिची तक्रार खोडव्याच्या उताऱ्यात येते, तीही दोन वर्षांनी, आणि तेव्हा आपण खताला दोष देतो.

पुढच्या हंगामात आपल्या फडात गाडी शिरेल तेव्हा उसाकडं बघता बघता एकदा चाकाकडंही बघा. टायर किती उतरतोय, मागं चर किती खोल पडतोय, बोटानं मोजा. आणि गाडीवानाला पाणी विचारताना हवेचंही विचारा.